प्रबंधाचे नाव

बारसे मुलाच्या जन्मानंतर होते. प्रबंधाचे मात्र आधीच होते: एकही प्रकरण हाती नसताना नोंदणीच्या अर्जावर नाव लिहावे लागते. म्हणूनच बहुतेक नावे सावध असतात. 'एक चिकित्सक अभ्यास' हे शेपूट जोडले, की कसलीच हमी न देता भारदस्तपणा साधतो.

खरे शीर्षक वाचकाला शब्द देते. डॉ. आंबेडकरांच्या १९२३ साली ग्रंथरूपाने आलेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या प्रबंधाच्या उपशीर्षकात रुपयाच्या प्रश्नाचा उगम आणि उपाय या दोहोंचे आश्वासन आहे. ते पाळले की नाही, हे कोणीही तपासू शकतो. शं. गो. तुळपुळे यांच्या 'यादवकालीन मराठी भाषा' या शीर्षकात एकच विशेषण आहे, पण तेच अभ्यासाचे कुंपण आहे.

आम्ही भाईंदरला राहतो आणि अभ्यासासाठी निवडले आहे ते शेजारच्या उत्तनच्या किनाऱ्यावरचे बोलणे. टाचणातले पहिले नाव असे: 'उत्तन परिसरातील ख्रिस्ती कोळ्यांची बोली: एक अभ्यास'. यातला 'एक' सहज गळाला. 'परिसर' अडला. उत्तनला लागून असलेले गोराई मुंबई महापालिकेत मोडते, उत्तन मीरा-भाईंदरमध्ये. बोलणे ही हद्द मानत नाही. 'ख्रिस्ती' या शब्दाने त्याहून अधिक छळले. १७३९ पर्यंत या किनाऱ्यावर पोर्तुगीज अंमल होता, त्यामुळे धर्माचा उल्लेख इतिहासाला धरूनच आहे. पण मासळीच्या वाट्यांवरून होणाऱ्या भांडणातल्या क्रियापदांना धर्म असतो काय?

राहिला 'बोली'. झ्यूल ब्लोक यांचा मराठीवरील फ्रेंच प्रबंध १९२० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातल्या 'फॉर्मास्यों' या शब्दाचा सरळ अर्थ घडण. वा. गो. परांजपे यांच्या १९४१ च्या भाषांतराचे नाव मात्र 'मराठी भाषेचा विकास'. 'विकास' म्हटले की पुढे जाण्याची दिशा आली, आणि दिशा आली की कोणीतरी मागे राहिलेच. 'घडण' म्हटले तर किनाऱ्यावरचे बोलणे हे प्रमाण मराठीचे मागासलेले रूप ठरत नाही. तीही एक घडणच ठरते.

म्हणून आता आमच्या कागदावर पाचच शब्द आहेत: 'उत्तन-गोराईची मराठी: रूपे आणि घडण'. यातल्या 'मराठी' या शब्दाचा पुरावा उरलेल्या सर्व पानांना द्यावा लागेल. मार्गदर्शकांच्या मते हे नाव फार धीट आहे; 'बोली' लिहिले तर कोणी प्रश्न विचारणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ज्यावर कोणी प्रश्न विचारणार नाही त्यासाठी प्रबंध तरी कशाला लिहावा? शिवाय ज्यांचे बोलणे आम्ही टिपून घेत आहो, त्यांच्यातले बहुतेक जण प्रबंध वाचणार नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचेल ते नावच. ते ऐकून आपल्या बोलण्याला मराठीच्या बाहेर उभे केले, असे त्यांना वाटू नये.