बाळाची गोधडी

बाळासाठी शिवायची गोधडी म्हणजे मोठ्यांच्या गोधडीचे लहान माप नव्हे. मोठ्यांच्या गोधडीकडून ऊब हवी असते आणि ती वर्षानुवर्षे टिकावी लागते. पाच-सहा थर, जाड दोरा, लांब टाके तिथे खपून जातात. तान्ह्याची गोधडी दिवसातून तीन-चारदा ओली होते, लगेच धुवावी लागते आणि उन्हे उतरायच्या आत वाळावी लागते. शिवाय पहिले काही महिने ती उघड्या कातडीला लागत असते. म्हणून तीन, फार तर चार थर, बारीक टाका आणि कुठेही न टोचणारी पाठ, एवढ्यावर तिची सगळी शिवण बेतलेली असते.

कापड जुनेच हवे, आणि ते काही काटकसरीपायी नव्हे. विणताना ताण्याला लावलेली खळ नव्या सुती कापडात राहिलेली असते. तिच्यामुळे कापड करकरीत राहते आणि पाणी चटकन शोषत नाही. नेसून, धुऊन, पिळून खळ निघून जाते, सूत सैल पडते आणि कापड पाणी पिऊ लागते. बारशापर्यंत बाळाला नवे कापड घालायचे नाही ही रीत अनेक घरांत आजही पाळली जाते. तिची कारणे काहीही सांगितली जावोत, कातडीच्या दृष्टीने ती सोयीचीच आहे.

नऊवारी लुगडे साधारण सव्वाआठ मीटर लांब असते आणि त्याचा पन्हा मीटरहून थोडा जास्त. नव्वद सेंटिमीटरचा एक, असे त्याचे नऊ तुकडे व्हायला हवेत, पण हे झाले कागदावरचे गणित. काष्ट्याचा आणि बसण्यात येणारा भाग सगळ्यांत आधी विरतो, जमिनीशी घासणारा काठ झिजतो, पदर मात्र बऱ्याचदा धड असतो. तुकडा उजेडासमोर धरला की विरलेली जागा लगेच दिसते. मग तो दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहावा. चर्र आवाज झाला तर तो मधल्या थरालाही घेऊ नये. विरलेला पण तग धरणारा तुकडा मध्ये जातो आणि पदराकडचा बाळाच्या अंगाशी येतो. अशी छाननी झाली की एका लुगड्यात चार थरांची एक गोधडी आणि वर एक-दोन दुपटी निघतात. जरीचा काठ काढून टाकावा; तो टोचतो आणि धुण्यात आटून शिवण ओढतो. खाली अस्तराला धोतर उत्तम. पांढऱ्यावर ओल आणि डाग दोन्ही दिसतात, आणि इथे ते दिसायलाच हवेत. अस्तर नवे घ्यायची वेळ आलीच तर ते आधी दोन-तीनदा धुऊन घ्यावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटते आणि वरच्या जुन्या थराला चुण्या पडतात.

थर फरशीवर एकावर एक अंथरून कोपऱ्यांवर डबे किंवा वरवंटा ठेवतात. मधून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढायच्या आणि मग ओबडधोबड कच्चे टाके घालायचे. घाईत ही पायरी गाळली की पुढे सगळेच बिनसते. पक्की शिवण म्हणजे साधा धावदोरा. पुष्कळ जणी कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेऱ्या घेत आत येतात. याने कड पक्की होते, पण प्रत्येक फेरीत थोडे थोडे सैल कापड आत ढकलले जाते आणि शेवटी मधोमध फुगा उभा राहतो. जुन्या हाताची बाई डाव्या हाताने पुढचे कापड सारखे चापत राहते, त्यामुळे तो फुगा येतच नाही. नवशिकीने या फंदात न पडता सरळ समांतर ओळी घालाव्यात. दोन ओळींत बोटाएवढे अंतर पुरते. ओळी फार दाट झाल्या की थरांमधली हवा कमी होते, गोधडी सपाट पडते आणि ऊबही घटते. ओळी विरळ असल्या तर धुताना आतले थर सरकून गोळा होतात.

टाक्याची लांबी हा बाळाच्या गोधडीतला सगळ्यांत नाजूक मुद्दा आहे. पाठीला लांब टाका सुटा राहिला तर त्यात बाळाचे बोट अडकते. धागा बोटाभोवती आवळला गेला की रक्तपुरवठा थांबू शकतो. बाळ रडत राहते आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून टाका तांदळाच्या दाण्याएवढा असावा, दोन्ही बाजूंना सारखाच. दोऱ्याची गाठ वर दिसता कामा नये. ती दोन थरांमध्ये ओढून घ्यायची किंवा गाठीऐवजी त्याच जागी दोन-तीन उलटे टाके घालायचे. टिकल्या, आरसे, मणी, गोंडे हे सगळे कुंचीवर शोभते, तेही बारशाच्या तासा-दोन तासांपुरते. सुती दोऱ्याला मेण चोळले की तो गुंतत नाही आणि मधल्या बोटात अंगुस्तान असले की चार थर जड वाटत नाहीत.

ही कला एकट्या महाराष्ट्राची नाही. बिहारमध्ये मुजफ्फरपूर जिल्ह्यातल्या भुसुरा गावामुळे ओळखली जाणारी सुजनी मुळात नवजात बाळासाठीच जुन्या साड्यांतून शिवली जाई. बंगालच्या कांथ्याला लागणारा रंगीत दोरा पूर्वी साडीच्या काठातूनच काढत. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंदीही कडेकडून आत येत शिवली जाते. या समाजातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते.

दुपटे म्हणजे एक-दोन थरांचा, साधारण मीटरभर चौरस तुकडा. बाळ त्यात गुंडाळले की दचकून हात फेकत नाही. हे दचकणे ही प्रतिक्षिप्त क्रिया असते. अर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाने १९१८ मध्ये तिचे वर्णन केले आणि तिला त्याचेच नाव आहे. काही महिन्यांत ती आपोआप जाते. गुंडाळताना पाय सरळ करून आवळण्याची जुनी सवय मात्र सोडलीच पाहिजे, कारण त्याने खुब्याचा सांधा नीट बसत नाही. पाय दुमडून फाकवता येतील एवढे दुपटे खाली सैल ठेवावे आणि बाळ कुशीवर वळू लागले की गुंडाळणे बंद करावे. बालरोगतज्ज्ञ पहिले वर्षभर झोपलेल्या बाळाजवळ उशी किंवा सैल पांघरूण नको म्हणतात, त्यात डोके गोल व्हावे म्हणून दिली जाणारी मोहरीची उशीही आली. गोधडी मांडीवर, मालिशीनंतर किंवा जागेपणी जमिनीवर खेळताना वापरावी. झोपेसाठी अंथरायचीच तर पातळ घ्यावी आणि कडा गादीखाली ताणून खोचाव्यात. मेणकापडही तिच्याखाली तसेच ताणून घालावे.

ओली गोधडी आधी साध्या पाण्यात खळबळून मग साबणात घालतात. कापड मऊ करणारी सुगंधी द्रव्ये टाळावीत. त्यांचा थर सुतावर बसतो आणि शोषण कमी होते. घरात निदान चार गोधड्या हव्यात, पावसाळ्यात सहा.

हल्ली नऊवारी नेसणाऱ्या आज्या कमी झाल्या आणि साड्यांच्या कपाटात सूत थोडे, कृत्रिम धागा फार. जुने सुती मिळत नसेल तर मलमल आणावी, कोमट पाण्यात चार-पाच वेळा धुवावी आणि मगच कातर लावावी. जुन्या सुती चादरीही चालतात. पॉलिएस्टरची साडी मात्र हाताला कितीही मऊ लागली आणि तिच्यात कितीही आठवणी असल्या, तरी ती बाळाच्या गोधडीत घालू नये.