कालव्यावरून चालताना

राज्याच्या जलसंसाधन विभागात तेहेतीस वर्षे काढल्यामुळे कालवा म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर प्रथम त्याचा काठ येतो. कालव्यांच्या काठाने आम्ही आयुष्यात किती कोस चाललो असू याचा हिशेब नाही. परंतु कालव्यावरून, म्हणजे जेथून पाणी वाहावयाचे त्याच जागेवरून, बूट घालून चालण्याचा प्रसंग निवृत्तीनंतर आला, आणि तोही कॅनडाच्या राजधानीत, ओटावा येथे. जानेवारी २०२५ चा तिसरा आठवडा होता. शून्याखाली अठरा अंश. आमचा एक हात सौ.च्या हातात, दुसरा आठ वर्षांच्या नातीच्या हातात, आणि पायाखाली रिडो कालवा.

"आजोबा, तू हळू चाल, तू पडशील," नात म्हणत होती.

आम्ही पडलो नाही. सौ. पडल्या, पण अंगावर इतके कपडे होते की त्यांना ते दुसऱ्याने सांगितल्यावर कळले, असे त्यांचे म्हणणे आहे.

लेक, जावई आणि नात २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्याहून तिकडे गेली. जावई मूळचे ग्वाल्हेरचे, म्हणजे आमच्यासारखेच मराठी मुलुखाबाहेरचे मराठी. त्यांच्या पहिल्याच हिवाळ्यात हा कालवा गोठला असूनही घसरगाडीच्या लोकांसाठी उघडलाच नाही. १९७०-७१ पासून दरवर्षी तो उघडत आला होता. २०२२-२३ मध्ये प्रथमच पुरेसा बर्फ झाला नाही. बर्फाचा थर किमान तीस सेंटिमीटर झाल्यावाचून लोकांना सोडत नाहीत. थर वाढावा म्हणून खालचेच पाणी उपसून वर पसरतात व गोठू देतात. आम्ही ही कामे पाहावयास दोन-तीनदा पहाटे गेलो, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही निवृत्त झालात हे कोणी तरी तुमच्या लक्षात आणून द्या."

पण कालवा होताच तसा. कर्नल बाय यांनी १८२६ ते १८३२ या सहा वर्षांत तो बांधून काढला. लांबी दोनशे दोन किलोमीटर. हेतू सिंचनाचा नव्हे, युद्धाचा: अमेरिकेशी पुन्हा बिनसले तर सरहद्दीलगतच्या नदीतून न जाता रसद आतल्या आत किंग्स्टनपर्यंत पोहोचावी. तसे युद्ध पुढे झालेच नाही. बांधताना मात्र सुमारे हजार मजूर दगावले, आणि त्यांतले पुष्कळसे हिवतापाने! जेथे नाकातला श्वास गोठतो त्या गावी मलेरियाने माणसे मेली हे वाचून आम्ही तो फलक दोनदा वाचला. आमच्या नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत धरणाच्या वसाहतीत क्विनीनच्या गोळ्या वाटल्या जात, त्याची आठवण झाली. आता त्याच कालव्याच्या ७.८ किलोमीटर भागावर लोक पायांत पाती बांधून कचेरीला जातात. मध्ये टपऱ्या आहेत. तेथे तळलेली, दालचिनी-साखर भुरभुरलेली लांबट पोळी मिळते, तिला बीव्हरची शेपटी म्हणतात. सराफ्यातल्या गराडूंची सर तिला नाही. पण थंडीत उभे राहून, बोटे भाजत, तळलेले खाण्याचे सुख मात्र तेच.

तेथील नित्याच्या जीवनाविषयी आपल्याकडे एक तर फार कौतुकाने बोलतात नाही तर फार कीव करून. आम्हांला ते मुख्यत्वे कपडे चढविण्याचे व उतरविण्याचे जीवन वाटले. नातीला शाळेत पोचवायचे म्हणजे सात जिनसा: मोजे, आतली विजार, बर्फाची विजार, बूट, कोट, टोपी, हातमोजे. सगळे चढल्यावर तिला हमखास लघवीला लागे. डिसेंबरात सूर्य साडेचारच्या आत मावळतो, त्यामुळे सौ.ची सांजवात दुपारच्या चहाच्या वेळी लागे. जावई पहाटे फावडे घेऊन दारातला बर्फ उपसत, मग संगणकावर कामाला बसत. एका घरात, तीन खोल्यांत तिघेजण दार लावून आपापल्या पडद्याशी बोलत असताना आम्ही उभयतां स्वयंपाकघरात कुजबुजत असू. रस्त्यावर मीठ टाकतात ते बुटांबरोबर घरात येते आणि फरशीवर पांढरे डाग उमटतात, सौ.नी ते पुसण्याचे काम स्वतःहून अंगावर घेतले. आपल्याला घरात काही काम असावे असे माणसाला वाटते.

जावयांनी पहिल्या दिवशी कचऱ्याची व्यवस्था समजावून दिली: ओला हिरव्या पेटीत, कागद काळ्या पेटीत, काच व प्लास्टिक निळ्या पेटीत, उरलेल्याची गाडी पंधरवड्यातून एकदा. आम्ही शांतपणे ऐकून घेतले व मग विचारले, "जावईबापू, आम्ही कोठून आलो आहोत ते ठाऊक आहे ना?" २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या शहराच्या नागरिकाला ओला-सुका शिकविणे म्हणजे जरा अतिच झाले.

आता थोडे गंभीर. आमच्या हातपिशवीत पारपत्राच्या शेजारी एक कागद होता. रामबागेतील वाड्याच्या विक्रीचे ते संमतिपत्र. मंदसौरच्या तहानंतर, १८१८ मध्ये, होळकरांची राजधानी इंदुरास आली आणि तिच्यामागोमाग आमचा मूळ पुरुष दफ्तर सांभाळावयास आला. वाडा त्याच्या नातवाने बांधला. आता तीन चुलतभावांपैकी एक पुण्यात, एक बंगळुरात, एक मुलाकडे सिंगापुरात. वाड्यात राहतो ते आम्ही दोघे. तिघांच्या सह्या झाल्या होत्या. चौथी जागा कोरी होती. लेकीचा बेत असा की ती सही करावी, आणि परत गेल्यावर दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज करावा. आईवडिलांसाठी तसा व्हिसा असतो. २०२२ पासून त्यावर एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते, पूर्वी दोनच वर्षे राहता येई. एक लाख डॉलरचा आरोग्यविमा मात्र काढावा लागतो. तिने सगळी कागदपत्रे एका फायलीत लावून, पृष्ठांक घालून, आमच्यापुढे ठेवली. शेवटी मुलगी कोणाची! आम्ही "विचाराधीन" असे म्हटले. हा शेरा आम्ही नोकरीत किती जणांना दिला असेल. स्वतःच्या प्रकरणात तो किती दिवस पुरतो ते पाहावयाचे होते.

आमची नात मराठी बोलते, पण इंग्रजीच्या घडीवर. "मी बस घेते", "मला थंडी आहे", असे. एका रात्री जेवताना आम्ही तिला हळूच सांगितले, की आजीला 'तू' म्हणावे, पण आजोबांना 'तुम्ही' म्हणतात. लेकीने आमच्याकडे असे पाहिले, की आता हे कशाला. नातीने घास थांबवून विचार केला. ती ज्या शाळेत जाते तेथे अर्धे शिक्षण फ्रेंचमध्ये असते.

"म्हणजे आजोबा 'वू' आहेत?" तिने विचारले.

चौकशीअंती कळले, की फ्रेंचमध्ये मोठ्यांना 'वू' म्हणतात, आणि जवळच्याला जे म्हणतात ते जवळजवळ आपल्या 'तू'सारखेच ऐकू येते. जी गोष्ट आम्ही महिनाभर मराठीतून समजावू शकलो नसतो ती तिला परक्या भाषेच्या दाराने एका क्षणात समजली. दुसऱ्या दिवसापासून ती "आजोबा, तुम्ही चहा घेणार?" असे विचारू लागली. क्रियापदासकट बरोबर. आम्हांला आनंद व्हावयास हवा होता. झालाही, पण चार दिवसांनी सौ.ना आम्ही म्हटले, की कालव्यावर 'तू पडशील' म्हणत होती ते बरे होते. त्या म्हणाल्या, "मग आता भोगा."

फेब्रुवारीत आम्ही सारे मोटारीने क्वेबेक शहरी गेलो. साडेचारशे किलोमीटरचा रस्ता, दुतर्फा पांढरे. नदीपलीकडचा क्वेबेक प्रांत म्हणजे फ्रेंच भाषेचा मुलूख. तेथे हिवाळ्यात टायरसुद्धा बर्फाचेच लावावे लागतात, कायद्याने. आणि चौकातल्या लाल अष्टकोनी पाटीवर 'स्टॉप' नसून 'आरे' असते. जावयांनी सांगितले, की खुद्द फ्रान्सात त्या पाटीवर 'स्टॉप'च लिहितात! तसेच फ्रान्समधले लोक 'वीकेंड' हा शब्द खुशाल वापरतात, हे लोक मात्र 'आठवड्याचा शेवट' असेच आपल्या भाषेत म्हणतात. आम्ही मागच्या आसनावर ताठ बसलो. पुण्यातल्या घरी महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला हल्ली चार भाज्या झाल्या तरी चालते. रामबागेत सोळा झाल्याच पाहिजेत असा आमच्या आजीचा दंडक होता. मूळ गाव सुटले की माणूस नियम घट्ट धरतो.

१३ सप्टेंबर १७५९ रोजी क्वेबेकच्या तटाबाहेरील पठारावर फ्रेंचांचा इंग्रजांकडून पराभव झाला, पानिपताच्या सोळा महिने आधी. १७६३ च्या तहाने सारा मुलूख इंग्रजांचा झाला. अधिकारी, सरदार पुष्कळसे परत गेले. शेतकरी, पाद्री, कारागीर राहिले. १७७४ च्या कायद्याने त्यांचा धर्म व दिवाणी कायदा त्यांना राहू दिला गेला. भाषेसाठीचा मोठा कायदा त्यांनी स्वतः केला तो १९७७ मध्ये. मधली दोनशे वर्षे भाषा टिकली ती घरांत, देवळांत आणि शेतांत. आम्ही पठारावर उभे राहून याचा विचार करीत होतो, तेव्हा नात बर्फात उताणी पडून हातपाय हलवीत देवदूताची आकृती काढीत होती.

हिवाळी जत्रा जोरात होती. पांढऱ्या बाहुल्याच्या वेषातला, लाल टोपी व लाल कमरपट्टा ल्यालेला तिचा यजमान मुलांना भेटत फिरत होता. ताज्या बर्फावर मेपलचा उकळता पाक ओततात आणि तो घट्ट होताच काडीला गुंडाळून खातात. आम्हांला गुऱ्हाळावरची काकवी आठवली. चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर पाक होतो. शहराबाहेर मोंमोरेन्सीचा धबधबा त्र्याऐंशी मीटर उंचीवरून पडतो, आणि त्याचे तुषार गोठून पायथ्याशी साखरेच्या ढेपेसारखा डोंगर होतो. सौ.नी ते पाहून हात जोडले. आम्ही विसर्गाचा अंदाज करीत होतो, तो हात जोडण्याचाच प्रकार समजावा.

ज्या घरी उतरलो होतो तेथील यजमानीण सत्तरीची विधवा होती. तिचे इंग्रजी आमच्या फ्रेंचइतकेच, म्हणून नात दुभाषी झाली. न्याहारीच्या वेळी बाई सांगत होत्या, की पॅरिसचे पाहुणे आले की त्यांची फ्रेंच ऐकून हसतात, आणि कधी कधी सरळ इंग्रजीतच उत्तर देतात. नातीने हे मराठीत सांगितले तेव्हा आम्हांला आमचे लग्न आठवले. पुण्याच्या मांडवात आमच्या काकांनी "पाणी येऊन राहिलं आहे का?" असे विचारले आणि वधूपक्षाची मुले हसून लोळली होती. सौ. त्या मुलांपैकीच एकीची बहीण. एकेचाळीस वर्षांनी, क्वेबेकच्या स्वयंपाकघरात, त्या म्हणाल्या, "मीही हसले होते हो." हे त्यांनी पूर्वी कधी सांगितले नव्हते.

बाईंचा मुलगा कॅल्गरीला असतो. दूरध्वनीवर नातवंडे इंग्रजीत बोलतात, त्या फ्रेंचमध्ये उत्तर देतात. "समजते त्यांना?" आम्ही विचारवले. त्यांनी खांदे उडवले. याचे भाषांतर नातीने केले नाही.

परतण्याच्या आदल्या रात्री लेक स्वयंपाकघरात एकटीच भांडी आवरीत होती. आम्ही संमतिपत्र काढून टेबलावर ठेवले आणि लेखणी मागितली. तिने ओले हात पुसले, कागद उचलून वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जणू तो तिने पूर्वी पाहिलाच नव्हता.

"बाबा, सही केलीत तर मी इंदूरला आले की कुठे उतरायचं?"

"तूच तर म्हणत होतीस."

"हो. मीच म्हणत होते." आणि मग बराच वेळ काही नाही. "तुम्ही इथे यावं असं मला वाटतं. आणि वाडा तिथे असावा असंही वाटतं. दोन्ही कसं होईल ते मला माहीत नाही."

आमच्यापाशीही उत्तर नव्हते. आम्ही कागद घडी घालून पुन्हा पारपत्राशेजारी ठेवला.

मार्चमध्ये इंदुरास परत आलो तेव्हा आंब्याला मोहोर होता व उन्हाचा चटका बसू लागला होता. व्हिसाचा अर्ज आम्ही भरला आहे. दरवर्षी हिवाळ्यापुरते जाण्याचा विचार आहे, म्हणजे ज्या ऋतूत तिकडून लोक पळ काढतात त्याच ऋतूत. पुण्याच्या चुलतभावाला सही करीत नसल्याचे कळविले. तो रागावला नाही, हिशेबाला बसला. त्याचे म्हणणे, मग यंदाच्या दुरुस्तीचा खर्च आमचा एकट्याचा. रास्त आहे. माजघरावरचे छप्पर गेल्या पावसाळ्यात तीन ठिकाणी गळत होते. नात रविवारी पडद्यावर दिसली तेव्हा तिने विचारले, "आजोबा, तुम्ही काय करताय?" आम्ही तिला जिन्यावरून फोन फिरवून छप्पर दाखविले व सांगितले, की कवेलू बदलायचे आहेत. पुण्याचे लोक त्याला कौले म्हणतात, हे तिला सांगितले नाही. "कवेलू," ती दोनदा म्हणाली. मिस्तरी गुरुवारी येणार आहे.