खाडीच्या दाराने

कोकणातल्या खाडीकाठच्या गावाला दोन दारे असतात. पुढचे पाण्याच्या बाजूचे आणि मागचे सडकेचे. आपण शहरवासी मोटारीने किंवा एस.टी.ने जातो ते या मागच्या दाराने, आणि परत येऊन गाव पाहिल्याचे सांगतो. खरे पाहता, अशा गावाचा चेहरा पाण्यावरूनच दिसतो.

दापोलीहून दाभोळला उतरलो, तेव्हा मला हेच जाणवले. अरुंद रस्ता, दुकाने, जाळ्यांचे ढीग. यापलीकडे काही नजरेत भरेना. पण फेरीबोटीने धक्का सोडला आणि मागे वळून पाहिले, तो सारे दाभोळच समोर उभे राहिले! काठाला शाही मशिदीचा घुमट, त्यामागे माडांतून डोकावणारी कौले, वर डोंगर. पश्चिमेला वाशिष्ठीचे मुख आणि त्यापुढे अरबी समुद्र. बहमनी काळात येथे अरबस्तानचे घोडे उतरत. अफनासी निकितीन हा रशियन प्रवासी पंधराव्या शतकात येथूनच परतीच्या गलबतात चढला. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज आल्मेदाने हे शहर जाळले. इतके वैभव या चिंचोळ्या पट्टीत मावले कसे, हे कोडे पाण्यावर आल्यावरच सुटते. त्या शहराचे अंगण म्हणजे ही खाडीच होती.

मराठीच्या अध्यापकाला बोटीतही शब्दांचा नाद सुटत नाही. होडीने खाडी ओलांडण्याच्या जागेला आपल्याकडे 'तर' म्हणतात. तारू, उतारू, उतार हे सारे त्याच 'तरणे'च्या गोतातले. आणि तीर्थही त्याच घराण्यातले. तीर्थ म्हणजे मुळात नदी उतरून जाण्याची जागा. पलीकडे जायला माणसे जिथे जमत, तिथेच देव आणि बाजार आले.

दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली २००३ साली. आता मोटारीही तिच्या पोटात शिरतात. खेड-चिपळूणवरून घ्यावा लागणारा लांबचा वळसा त्यामुळे काही मिनिटांवर आला. पण बोटीत मोटारीत बसून राहणाऱ्याचे निम्मे तिकीट फुकट जाते. आम्ही कठड्याशी उभे होतो. शेजारी मासळीची पाटी घेतलेल्या एक मावशी होत्या, दप्तरे घेतलेली पोरे होती, आणि लग्नाच्या पत्रिका वाटायला निघालेले गृहस्थ होते.

धोपाव्याला उतरून आम्ही पायी वेलदूर, अंजनवेलची वाट धरली. दिवाळीच्या सुमारास सड्यावरचे गवत पिवळे पडलेले असते. वाऱ्याला खारट वास आणि पायांखाली तापू लागलेला कातळ. टोकावर गोपाळगड. तुळाजी आंग्र्यांनी १७४५ साली सिद्द्यांकडून घेऊन त्याला हे नाव दिले. जमिनीकडच्या बाजूला खंदक, आत आंब्याची झाडे. तटावरून खाडीचे तोंड असे दिसते, की येणारे एकही तारू नजरेतून निसटू नये. जवळच तो गाजलेला वीजप्रकल्प आहे. नाव दाभोळचे, जागा मात्र अंजनवेलची!

परतताना त्याच मावशी पुन्हा भेटल्या. पाटी रिकामी झालेली. रेवस ते रेडी या सागरी महामार्गासाठी या खाडीवरही पूल होणार आहे. "मग या बोटीची मजा जाईल," असे मी म्हणताच त्या म्हणाल्या, "मजा तुमची हो दादा! सून अडली तेव्हा शेवटची फेरी निघून गेली होती. रात्रभर तिच्या कण्हण्याला आम्हीच साक्षी. पूल पाहिजेच."

यावर काय बोलणार? पूल व्हावा, लवकर व्हावा. आजाऱ्याला आणि बाळंतिणीला खाडी आड येऊ नये. पण पुलावरून जाणारा दाभोळ पाहणार नाही, तो ते ओलांडेल. मावशींची पाटी आणि शहराची मोटार एका फळीवर येण्याचे ठिकाणही मग उरणार नाही. म्हणून पूल झाल्यावरही एखादी लहान होडी चालू राहावी असे मला वाटते. आणि तोवर, वाचकहो, या सुटीत मुलांना घेऊन एकदा खाडीच्या दाराने जा. मोटारीतून उतरा, कठड्याशी उभे राहा आणि शेजारच्या माणसाला त्याचे गाव विचारा.