उरलेली फीत

कापसाने भरलेली खोली ध्वनिमुद्रणाला उत्तम, हे आम्ही कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते. पहूरच्या आमच्या घराची मागची खोली धाब्याची. भिंती मातीच्या, दीड हात रुंद. दिवाळीच्या सुमारास तिच्यात वेचणीचा कापूस येऊन पडे आणि भावाची वाट पाहत कधीकधी फाल्गुनापर्यंत तिथेच राही. कापूस कमरेइतका चढला की खोलीतला आवाज 'बसे'. टाळी वाजवली तर ती जागच्या जागी विझे. कापूस विकला गेला की तीच खोली विहिरीसारखी घुमू लागे. १९९३ पासून २००६ पर्यंत आम्ही, म्हणजे आम्ही दोघे चुलतभाऊ, या खोलीत आसपासच्या बँड पथकांचे ध्वनिमुद्रण करीत होतो. आज त्या कॅसेटी लावल्या तर नुसत्या घुमण्यावरून सांगता येते, की ही कापूस घरात असतानाची आणि ही विकल्यानंतरची. बाजारभावाची नोंद ठेवण्याचा हा मार्ग कृषी खात्याला सुचलेला दिसत नाही.

पहूर म्हणजे खरे तर दोन गावे, पेठ आणि कसबे, नदी वाघूर. जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता इथूनच जातो आणि पाचोरा-जामनेर ही नॅरोगेज गाडीही तेव्हा इथे थांबत असे. त्यामुळे जामनेर, शेंदुर्णी, पाचोरा इथली पथके आपापला सरंजाम घेऊन सहज येऊ शकत. कधी धुळ्याकडचे अहिराणी बोलणारे वादकही त्यांच्यात असत. बँड म्हणजे लग्नाचा बँड, हे खानदेशातल्या वाचकाला सांगायला नको, पण पुण्या-मुंबईत या शब्दाने केस वाढवलेली चार मुले डोळ्यांसमोर येतात म्हणून सांगितले. क्लॅरोनेट, ट्रम्पेट, युफोनियम, साइड ड्रम, ढोल, खुळखुळे, आणि पुढे पुढे कॅसिओ व बँजो. इंग्रजांच्या पलटणीतून हा प्रकार संस्थानिकांच्या दारी आला आणि तिथून नवरदेवाच्या घोड्यापुढे. वाद्ये बहुतेक मेरठच्या जली कोठीत घडलेली. गणवेशावरचे गोंडे मात्र गावच्या शिंप्याचे.

'स्टुडिओ' हा शब्द पथकवाल्यांचा, आमचा नव्हे. सामान म्हणजे एक कॅसेट डेक, सहा चॅनेलचा आहुजाचा मिक्सर आणि चार माइक. वेगवेगळे ट्रॅक घेऊन मागाहून जुळवण्याची सोय नव्हती. जे वाजले ते त्याच क्षणी फितीवर कायम. म्हणून आवाजाचा तोल यंत्राने न साधता पावलांनी साधावा लागे. क्लॅरोनेट माइकपासून दोन पावले, ट्रम्पेट सहा पावले आणि तोंड भिंतीकडे, युफोनियम दाराच्या चौकटीत, ढोल थेट अंगणात, निंबाखाली. जमिनीवर खडूच्या खुणा असत. विसाव्या शतकाच्या आरंभी, वीज आणि मायक्रोफोन येण्यापूर्वी, कर्ण्यासमोर वाजवणाऱ्यांनाही असेच पुढे-मागे उभे करीत, हे आम्ही फार उशिरा वाचले आणि आपण नव्वद वर्षे मागे होतो या कल्पनेने आम्हाला बरेच वाटले.

अडचण वेगळीच निघाली. बँडचे संगीत चालण्याचे संगीत आहे. मिरवणुकीत गाण्याला सुरुवात नसते आणि शेवटही नसतो. घोडा थांबला की गाणे लांबते, मारुतीचे देऊळ आले की बदलते, वरातीतल्या एखाद्या काकाने नोट काढली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हीच माणसे सतरंजीवर बसवली की लय ढिली पडे. उभे केले तरी पडे. पहिल्या वर्षीच एका मास्तरांनी उपाय काढला: जागच्या जागी चालायचे. वहाणा बाहेर काढून चौदा माणसे त्या खोलीत, दारात आणि अंगणात एकाच ठेक्यावर पाय उचलीत वाजवू लागली आणि गाणे एकदम उभे राहिले. शेणाने सारवलेल्या जमिनीवरचा अनवाणी पावलांचा तो थपथप आवाज आमच्या जवळजवळ सगळ्या कॅसेटींवर आहे. जळगावच्या एका जाणकाराने तो ऐकून 'मागे काहीतरी दोष आहे' असे सांगितले होते. आम्हाला तो कॅसेटीतला सर्वांत खरा आवाज वाटतो.

ही माणसे घरात आली याचा अर्थही सांगायला हवा. बँडच्या धंद्यात मातंग आणि मुसलमान वादक पुष्कळ. ज्या लग्नात ते दिवसभर फुंकतात त्या लग्नात त्यांचे पान सर्वांत शेवटी आणि मांडवाच्या कडेला पडते. आमच्या घरीही पहिल्या वर्षी त्यांच्यासाठी कपबश्या वेगळ्या निघाल्या. आजीने कोणाला काही विचारले नाही, आम्हालाही विचारले नाही. पुढे पथके वाढली, एका दिवशी दोन-दोन येऊ लागली, वेगळ्या कपबश्या पुरेनात आणि एका संध्याकाळी घरातल्या सगळ्याच बाहेर आल्या. कोणतेही परिवर्तन झाल्याची घोषणा न होता झालेले हे परिवर्तन होते. त्याचे श्रेय आम्ही भांड्यांच्या संख्येला देतो.

मास्तरांना कॅसेट हवी असे ती सुपारी मिळवण्यासाठी. वधूपिता दारी आला की त्याच्या हातात नमुना म्हणून द्यायची. साठ मिनिटांची फीत, बाजूला तीस मिनिटे, सुरुवातीला पथकाचे नाव, गाव, तालुका आणि टेलिफोन क्रमांक. फिलिप्सने कॅसेट १९६३ साली आणली. भारतात ती खेड्यापाड्यांत पोहोचली ऐंशीच्या दशकात, आणि तिने लहान भाषांना व स्थानिक गाण्यांना बाजार कसा मिळवून दिला याची हकीकत पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने 'कॅसेट कल्चर' या १९९३ च्या ग्रंथात सविस्तर सांगितली आहे. आमचा व्यवहार त्या बाजाराच्याही तळाचा. एका मुद्रणाच्या वीस, फार तर पन्नास प्रती. वेष्टणावर पथकाच्या मालकाचे नाव आणि गणवेशातला त्याचा फोटो.

वाजवणाऱ्यांची नावे त्या वेष्टणावर कधीच नसत. वादक हंगामापुरते, उचल घ्यायची आणि आखाजीपासून ज्येष्ठापर्यंत राबायचे. पुढल्या वर्षी दुसरे पथक, दुसरी टोपी. एकच क्लॅरोनेट आमच्याकडे चार वेगवेगळ्या बँडच्या नावाने मुद्रित झालेली आहे, आणि वरच्या षड्जावर येताना किंचित घासणारी तिची फुंक ओळखायला कानाला काही कष्ट पडत नाहीत.

१९९५ च्या हिवाळ्यात एका पथकाची नऊ गाणी संपली तरी दुसऱ्या बाजूला अडीच-तीन मिनिटांची फीत उरली होती. साइड ड्रम वाजवणाऱ्याने विचारले, उरलेल्यात नाव सांगितले तर चालेल का? मग एकामागून एक सगळे माइकपुढे आले: नाव, गाव, वाद्य. कोणी वडिलांचेही नाव घेतले, कोणी उस्तादांचे. धुळ्याकडच्या एका ट्रम्पेटवाल्याला ते परत ऐकवले तेव्हा तो दचकून म्हणाला, "हाऊ मना आवाज शे का?" स्वतःच्या ट्रम्पेटचा आवाज त्याने गर्दीतूनही ओळखला असता. बोलण्याचा आवाज त्याने बाहेरून कधी ऐकलाच नव्हता.

त्यानंतर ही प्रथा पडली. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानने गाणे संपताच इंग्रजीतून आपले नाव पुकारले, ते तबकडी जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात उमटायची होती आणि तिथल्या माणसांना कोणाचे गाणे ते कळायला हवे होते म्हणून. आमच्या वादकांचे नाव कळण्याची गरज कोणत्याही कारखान्याला नव्हती. मास्तरांना तर ते नकोच असे. गिऱ्हाइकाला माणसे थेट सापडली तर पथक कशाला, ही त्यांची भीती रास्त होती. तेव्हा तोड अशी निघाली की वाटण्याच्या प्रती शेवटच्या गाण्यापाशी थांबवायच्या आणि नावे फक्त मूळ कॅसेटवर राहू द्यायची. म्हणजे ती आमच्या पेटीशिवाय कुठेच नाहीत.

२००४ नंतर मास्तरांच्या मागण्या बदलल्या. गावात रोज कित्येक तास लोडशेडिंग. आम्ही रात्री वीज आली की मुद्रण करीत असू. अशा एका रात्री एका मास्तरांनी फक्त युफोनियम आणि ड्रम वाजवून घेतले, आणि ते कशासाठी हे लग्नाच्या हंगामात कळले. हातगाडीवरच्या भोंग्यातून तो मुद्रित ठेका वाजत होता आणि चौदांच्या जागी सात माणसे पुढे चालत होती. युफोनियमवाल्याचा आवाज गाडीवर होता. तो स्वतः घरी होता. मास्तरांना दोष देणे सोपे आहे. डिझेल, गणवेश, कामगारांचे जेवण यांचा हिशेब ते आमच्यासमोर मांडत आणि तो खोटा नव्हता. शिवाय डीजे येऊन उभाच होता. सातही माणसे नको म्हणणारा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर भोंग्यांना बंदी घातली खरी, पण दिवसाचे रस्ते त्याने केव्हाच घेतले. २००६ साली शेवटचे पथक आले. पुढे अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर कोट्यवधी ऐकणारे मिळाले याचा आनंदच आहे. त्या गाण्यांत क्लॅरोनेट ऐकू आली तर बहुधा ती कळफलकावरची असते.

मूळ कॅसेटी एकसष्ट आहेत. उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्याचा पारा पंचेचाळिशीपार जातो आणि पत्र्याची पेटी आतून भट्टी होते. कित्येकींच्या आतली बनातीची गादी निखळली आहे. गुंडाळलेल्या फितीच्या एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर उतरतो, त्यामुळे गाणे सुरू होण्यापूर्वीच्या शांततेत तेच गाणे फार दुरून आल्यासारखे आधी एकदा ऐकू येते. संगणकावर उतरवण्याचे काम गेली तीन वर्षे चालू आहे. सगळेच लोकांपुढे खुले करावे असा आग्रह तरुण मित्र धरतात. पण सुरावटी बहुतेक सिनेमाच्या, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या. वाजवणाऱ्याचाही काही हक्क असतो हे आपल्या कायद्याने १९९४ च्या दुरुस्तीत मान्य केले. पण तो हक्क ज्यांचा, त्यांना विचारायचे तर आधी ते सापडायला हवेत. म्हणून आम्ही उलट बाजूने निघालो आहोत. नावे वहीत उतरवायची, त्या गावी जायचे, आणि घरच्यांना त्यांचा भाग आधी ऐकवायचा. युफोनियमवाल्याच्या मुलाने गाणी घेतली नाहीत. वडिलांनी नाव सांगितले आहे तो तुकडा मात्र त्याने मोबाइलवर घेतला. तो नऊ सेकंदांचा आहे.

वहीत आजवर दोनशे अकरा नावे झाली. एक जागा कोरी आहे. १९९८ च्या एका फितीवर ऐन नाव सांगण्याच्या वेळी जामनेरकडे निघालेल्या नॅरोगेज गाडीचा भोंगा वाजतो. ती गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली. भोंगा कमी करून, वेग उतरवून, हरप्रकारे ऐकले. नाव त्याच्याखालून निघत नाही. पुढचे 'राहणार शेंदुर्णी, साइड ड्रम' एवढे स्वच्छ आहे. येत्या आठवड्यात शेंदुर्णीला जाऊन त्या सुमाराला साइड ड्रम कोण कोण वाजवीत असे ते विचारायचे ठरले आहे.