खडकांतील उत्तर दिशा

अष्टविनायकांची यात्रा ज्यांनीं केली असेल त्यांना लेण्याद्रीच्या पायऱ्या निराळ्या सांगावयास नकोत. इतर सात ठिकाणीं देवासाठीं देऊळ बांधलें आहे. येथें डोंगरच देऊळ झाला आहे. सातवें लेणें हा मूळचा बौद्ध भिक्षूंचा विहार. दालन चांगलें विस्तीर्ण, परंतु मध्यें आधारास एकहि खांब नाहीं. गिरिजात्मजाची मूर्ति बाहेरून आणून बसविलेली नसून मागच्या भिंतीच्या खडकांतच आहे. भाविकांची दृष्टि अर्थातच मूर्तीकडे जाते. आम्ही आज वाचकांचें लक्ष त्या भिंतीकडे वेधूं इच्छितों.

गेल्या कार्तिकांत आम्ही तेथें गेलों तें नवस फेडण्याकरितां. थोरल्या बंधूंच्या दुखण्यांत वहिनींनीं तो बोलला होता. बंधु नुकतेच रुग्णालयांतून घरीं आले होते, म्हणून ते मागें राहिले; बरोबर आत्याबाई आणि चिरंजीव पुतणे होते. दर्शन होतांच पुतण्यानें खिशांतील मोबाईलचें होकायंत्र उघडलें व बाहेरच्या कातळाशीं धरून तो फोन हळूहळू पुढें सरकवूं लागला. सुई दोन-चार अंश डळमळली. “काका, येथली उत्तर जागेवर नाहीं!” तो म्हणाला. आत्याबाईंना हें बोलणें अभद्र वाटलें. परंतु त्यांत तथ्य होतें.

सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं तो भूमीच्या भेगांतून थरावर थर वाहिला. त्यांत लोहयुक्त खनिजाचे बारीक कण असतात. रस थंड होत सुमारें ५८० अंशांच्या खालीं आला म्हणजे हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरतात आणि मग सहसा सोडीत नाहींत. तूप थिजत असतां त्यांत चमच्याची रेघ राहून जावी, तसाच हा प्रकार. लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनीं दख्खनच्या शिळा तपासून आपले निष्कर्ष १९५६ सालीं प्रसिद्ध केले. सह्याद्रीच्या थरांपैकीं फार मोठ्या भागांत ही दिशा आजच्या उलट आहे. म्हणजे त्या काळीं कोणी होकायंत्र धरलें असतें, तर सुईचें उत्तर टोंक दक्षिणेकडे वळलें असतें. पृथ्वीचें क्षेत्र असें अनेकदां उलटलें आहे. शेवटचा पालट सुमारें ७ लक्ष ८० हजार वर्षांपूर्वींचा.

शिवाय टांगलेली सुई क्षितिजाशीं किती कलते यावरून अक्षांशहि कळतो: विषुववृत्तावर ती आडवी, ध्रुवावर उभी. त्या हिशेबानें हा कातळ थिजला तेव्हां तो विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें ३० अंशांवर होता. आज जुन्नर उत्तरेस १९ अंशांवर आहे. आम्हीं एका दिवसांत यात्रा उरकली. डोंगराची यात्रा अद्याप चालूच आहे.

येथील शिळा फोडून प्रयोगशाळेंत नेतां येते. मंगळावर हातोडा घेऊन कोण जाणार? तेथील खडकाची स्मृति वरून, फिरत्या यानांतूनच वाचावी लागली. ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ हें अमेरिकन यान १९९७ च्या सप्टेंबरांत मंगळाच्या कक्षेंत शिरलें. तेथील विरळ हवेंत पंख घासून वेग कमी करावा व लांबट कक्षा हळूहळू गोल करावी, अशी योजना होती. परंतु सौर पंखांपैकीं एक दुखावलेला निघाला, तेव्हां त्याला जपून, अगदीं बेतानें वेग कमी करावा लागला. थोड्या महिन्यांचें काम १९९९ पर्यंत लांबलें. त्या दिरंगाईंत यान पुनःपुन्हां पृष्ठभागापासून शंभर-सव्वाशें किलोमीटर इतकें खालीं उतरलें, आणि त्यामुळें चुंबकमापकांस जें दिसलें तें ठरलेल्या चारशें किलोमीटरांच्या उंचीवरून इतकें स्पष्ट दिसलें नसतें. दुखावलेल्या पंखाचे असे उपकार ज्योतिषशास्त्राच्या इतिहासांत फारसे नसावेत!

दिसलें तें असें. मंगळास आज पृथ्वीसारखें सर्वव्यापी क्षेत्र नाहीं. परंतु त्याच्या दक्षिण गोलार्धांतील जुनाट खडक प्रबळ चुंबकीय आहेत. त्या कमी उंचीवर कांहीं ठिकाणीं १५०० नॅनोटेस्लांपर्यंत माप आलें. (जुन्नरच्या बाजूस पृथ्वीचें पूर्ण क्षेत्र चाळीस हजारांच्या वर आहे, परंतु तें तिच्या पोटांतील वाहत्या लोहरसाचें. नुसत्या खडकांचें म्हणाल तर मंगळाचे खडक आपल्या खडकांहून दसपट तरी जोरकस.) म्हणजे कोणे एके काळीं मंगळाच्या पोटांतहि ती भट्टी चालू होती. ती विझली, खडकांनीं मात्र आठवण ठेविली. हेल्लास नांवाचें एक प्रचंड विवर तेथें आहे, आघातानें पडलेलें, दोन हजार किलोमीटरांहून रुंद. त्याचा तळ जवळजवळ कोरा निघाला. तो तापून पुन्हां थंड झाला त्या समयीं क्षेत्र असतें, तर त्यानें तें टिपलें असतें. यावरून भट्टी चार अब्ज वर्षांपूर्वींच विझली असावी असा तर्क निघाला. ती पुढेंहि कांहीं काळ धुमसत होती असें म्हणणारे पंडित आहेत, व त्यांचा पुरावाहि हलका नाहीं. क्षेत्र गेलें म्हणून मंगळाची हवा उडाली, असें पूर्वीं सरसकट सांगत. परंतु शुक्रास स्वतःचें क्षेत्र नाहीं, तरी त्याची हवा केवढी दाट! तेव्हां हा कार्यकारणभाव वाटतो तितका सरळ नाहीं.

यानावरचीं मापकें त्याच्या पंखांच्या अगदीं टोंकांना बसविलीं होतीं. कारण यानाच्या स्वतःच्या विजेचेंहि क्षेत्र असतें. तें मापांत मिसळलें कीं सगळाच घोंटाळा. हें वाचतांना आम्हांस अलिबागची आठवण झाली. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या क्षेत्राचीं मापें घेत असत. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या यावयाच्या ठरतांच डॉ. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखालीं हें काम खाडीपलीकडे अलिबागेस हलविण्यांत आलें. तेथें १९०४ पासून मापन सुरू झालें, आणि नव्याजुन्या आंकड्यांचा मेळ बसावा म्हणून दोन वर्षें दोन्हीकडे एकदम वेध घेतले. इमारतीस आपला काळा दगड चालला नाहीं, त्याची स्मृति आड येते! चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड आणावा लागला. ती वेधशाळा आजहि चालू आहे.

घरीं परतल्यावर या विषयास निराळेंच वळण लागलें. बंधूंची खाट माजघरालगतच्या खोलींत मांडावयाची होती. खिडकीचा उजेड व प्राणवायूचें नळकांडें यांची सोय पाहतां डोकें उत्तरेस येत होतें. आत्याबाई म्हणाल्या, “उत्तरेस उशी नको.” आमच्या एका सुशिक्षित आप्तांनीं तत्काळ शास्त्राधार पुरविला: रक्तांत लोह असतें, पृथ्वीचें चुंबक तें डोक्याकडे ओढतें. हें ऐकून पुतण्याला राहवेना. रक्तांतलें लोह खिळ्यासारखें चुंबकास चिकटणारें नव्हे. बाबांना मागल्याच महिन्यांत एम्. आर्. आय्. च्या यंत्रांत निजविलें होतें. तशा यंत्राचें क्षेत्र सामान्यतः दीड टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या तीस हजार पटींहून अधिक. तेथें रक्त डोक्याकडे धांवलें नाहीं, तें या खोलींत कां धांवेल? आणि उत्तर म्हणजे तरी कोणती? लेण्याद्रीच्या भिंतीची कीं मोबाईलची?

आम्हांस त्याचें म्हणणें पटलें. परंपरेला विज्ञानाच्या अशा उसन्या टेंकूंची गरज नसते, आणि टेंकू मोडला कीं नसता अपमान तिचा होतो.

आत्याबाईंनीं सर्व ऐकून घेतलें. मग पुतण्यास जवळ बसवून त्या म्हणाल्या, “बाळ, तुझें चुंबक मला कळत नाहीं. उत्तरेस डोकें म्हणजे दक्षिणेस पाय. तसें आपल्या घरांत कोणाला निजवितात हें तूं आजोबांच्या वेळीं पाहिलें आहेस. माझा भाचा दवाखान्यांतून परत आला आहे रे! मला त्याला तसा निजलेला पाहवणार नाहीं.”

पुतणे कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं आणि आम्हीं मिळून जुनें शिसवी कपाट माडीवर चढविलें, त्यास सायंकाळ झाली. त्या जागीं खाट आडवी बसली, पूर्वेस उशी करून, आणि नळकांड्याची नळी थोडी लांब आणविली.