उचललेलं परत ठेवणं

ग्वाल्हेरच्या जयविलास महालात, जेवणाच्या लांबलचक टेबलावर चांदीची एक छोटी आगगाडी आहे. महाल १८७४ चा, जयाजीराव शिंद्यांनी बांधलेला. गाडी मात्र त्यांच्या मुलाच्या, माधवरावांच्या हौसेची. रेल्वेचं त्यांना वेडच होतं. श्योपूरला जाणारी, दोन फुटी रुळांवरची, जवळजवळ दोनशे किलोमीटरची गाडी त्यांच्याच काळातली. टेबलावरची गाडी जेवणानंतर मद्य आणि सिगार घेऊन पाहुण्यांसमोरून फिरायची. सुरई उचलली की ती थांबायची, जागच्या जागी ठेवली की पुढे निघायची. बाकीचे लोक झुंबरं बघत असतात तेव्हा मी या टेबलापाशी रेंगाळतो. एकाने घेतलेलं परत ठेवल्याशिवाय दुसऱ्यापर्यंत काही पोहोचत नाही, हे त्या गाडीच्या रचनेतच आहे. डेटाबेसशी बोलणारा कोड लिहिताना मला तीच रचना हवी असते.

कारण कनेक्शन ही महागडी वस्तू आहे. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस उभी करतो, आणि मूळ सेटिंगप्रमाणे अशी शंभरच देतो. म्हणून काही कनेक्शनं आधीच उघडून ठेवायची, लागतील तशी द्यायची आणि परत घ्यायची. हाच पूल. जावातला हिकारीसीपी आपणहून दहाचाच पूल बनवतो. दहा ऐकून नवी मुलं दचकतात. पण एका कामाला पाच मिलिसेकंद लागत असतील, तर दहा कनेक्शनं सेकंदाला दोन हजार कामं उरकतात.

माधवरावांनीच १९०५ मध्ये सुरू केलेल्या इथल्या मेळ्यात काही वर्षी वाहनखरेदीला रोड टॅक्समध्ये निम्मी सूट मिळते आणि नोंदणीला झुंबड उडते. अशा गर्दीच्या धास्तीने पूल दहाचा दोनशे करावा, असं कुणालाही वाटेल. मला ते मुळीच पटत नाही. सर्व्हरचे कोअर तेवढेच राहतात. दोनशे जण त्यांच्यासाठी झगडू लागले की प्रत्येकाचंच काम मंदावतं. आणि गळती असेल, तर मोठा पूल ती फक्त उशिरा उघडी पाडतो.

गळती सुरू होते ती परत करण्याच्या जागी. सगळं सुरळीत पार पडलं तर शेवटी ‘क्लोज’ लिहिलेलं असतंच. पण मध्येच एरर आला की कोड त्या ओळीपर्यंत पोहोचतच नाही. एक कनेक्शन हरवतं, कुणाला पत्ता लागत नाही. दहावं हरवलं की पुढचा माणूस तीस सेकंद ताटकळतो आणि रिकाम्या हाताने परततो. दोष जातो डेटाबेसवर, जो तेव्हा स्वस्थ बसलेला असतो. म्हणून परत करणं माणसाच्या आठवणीवर सोडूच नये. जावाने २०११ मध्ये, सातव्या आवृत्तीत, त्यासाठी भाषेतच सोय केली. गोमध्ये ‘डिफर’ आहे, पायथॉनमध्ये ‘विथ’. पायथॉनवाल्यांनी मात्र इथे जपावं. सायकोपीजी२ मध्ये कनेक्शनवर ‘विथ’ लावलं तर ट्रॅन्झॅक्शन संपतं, कनेक्शन उघडंच राहतं.

परत आलेलं कनेक्शन जिवंत असेलच असंही नाही. मायएसक्यूएल आठ तास न वापरलेलं कनेक्शन स्वतःच तोडतो; मग सकाळी कचेरी उघडताच पहिल्याच माणसाला एरर दिसतो. हिकारीसीपी अर्ध्या तासाने जुनी कनेक्शनं बदलतो, ते बरंच आहे.

सगळ्यात अवघड घडी वेगळीच. ‘कमिट’ पाठवलं आणि उत्तर यायच्या आत कनेक्शन तुटलं. पैसे जमा झाले की नाही? आंधळेपणाने पुन्हा पाठवलं तर एखाद्याची फी दोनदा कापली जाईल. न पाठवावं, तर भरलीच जाणार नाही. म्हणून प्रत्येक भरण्याला पाठवण्याआधीच एक क्रमांक द्यावा आणि त्याच व्यवहारात तो युनिक रकान्यात लिहावा. मग खुशाल पुन्हा पाठवावं. पहिला भरणा पोहोचला असेल तर डेटाबेस दुसऱ्याला नकार देतो, आणि कोड त्या नकाराचीच पावती करून हातात देऊ शकतो.