छत्री फिरली तेव्हा

परवाच्या वादळात गच्चीवरची डिश फिरली आणि अम्मीचं डीडी उर्दू बंद पडलं. अब्बा गेल्यापासून तिची संध्याकाळ त्यावरच सरते. मेकॅनिक तीन दिवस नुसता ‘येतो’ म्हणाला. शेवटी पाना घेऊन मीच चढलो.

फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेवर आहे. अमरावतीहून आग्नेयेला, जवळपास ६० अंश उंच. ऑफसेट तबकडी मात्र बरीच उभी दिसते, तिथंच मी फसत होतो. केसभर हलवायची, थांबायचं, खाली विचारायचं. पूर्वी अब्बा वर असत, खालून ओरडायचं काम माझं.

"आया बेटा, आया! अब हात मत लगा!"

बोल्ट आवळले. तरी थोडा वेळ वरच बसलो.